विहिरीत ओतलेली गंगा

मद्रास, ३० मार्च १९५७

आज ठरवून टाकलं. यांच्या नावाने पाणपोई घालायची. इकडे तिला तण्णीर पंदल म्हणतात. नाव काहीही असो, तहान तीच.

यांना जाऊन वैशाखात वर्ष होईल. वर्षश्राद्धाला काय करणार, म्हणून समाजातली मंडळी विचारून जातात. पंगती उठवायच्या, दक्षिणा द्यायच्या, ढेकर ऐकायचे, की झालं. पण हे जन्मभर हार्बरच्या कचेरीत बसले आणि घरी आले की पहिलं वाक्य ठरलेलं : "कनका, त्या हमालांना कोणी घोटभर पाणी विचारत नाही गं." एवढं बोलून स्वतः पेलाभर पाणी पीत. विचारायचं कोणी, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. मला पडला.

गुंडोभावजींना सांगितलं. हे माझे धाकटे दीर, पोस्टातून निवृत्त झालेले, पोटाने नाजूक आणि मनाने त्याहून. म्हणाले, "वैनी, ऊन भारी आहे. तुमचें वय काय?" माझं वय मला ठाऊक आहे. पंधराव्या वर्षी सांगलीहून या घरात आले, अंबूची कनका झाले, पहिलं वर्ष यांची तंजावरी मराठी ऐकून पदराआड हसले आणि पुढची चाळीस वर्षं त्याच मराठीत संसार केला. एक पाणपोई मला जड नाही.

४ एप्रिल

नळाला करंगळीएवढी धार येते, तीही पहाटे. पाणपोईला ती कशी पुरणार? म्हणून अंगणातल्या आपल्या विहिरीचंच पाणी द्यायचं. रोज सकाळी अंघोळ करून ओलेत्याने मीच शेंदीन. मोलकरणीचा हात लागू देणार नाही.

शेजारचे हंबीरराव देणगी घेऊन आपण होऊन आले. तंजावरकडचेच, घरंदाज मराठे, पण आता पक्के जॉर्ज टाउनचे व्यापारी. मांडवासाठी झावळ्या, मातीचे रांजण आणि लांब नळीची एक सुरेख पितळी झारी त्यांनी दिली. फळ्यावर यांचं नाव तमिळमध्ये आणि मराठीत रंगवून देणार आहेत. मी त्यांच्याशी दोन महिने बोलत नव्हते, कारण त्यांनी बाहेरगावच्या व्यापाऱ्यांसाठी लॉज काढलं आणि मागचे संडास आमच्या भिंतीला लागून बांधले. खड्डा तर विहिरीच्या पलीकडच्या अंगालाच आहे. पण आज म्हणाले, "कनकाबाई, मधें दगडी भिंत आहे. चिंता करूं नका." झारी हातात होती, मी तरी किती ताणू? दात्याशी वैर धरू नये.

रामनवमी

आजचा आनंद नीट लिहून ठेवते.

काशीहून आम्ही दोघांनी गंगेचे दोन सीलबंद तांबे आणले होते. एक यांचा, एक माझा. यांचा गेल्या वर्षी फोडला. शेवटच्या क्षणी दोन पळ्या घशाखाली गेल्या आणि चेहरा शांत झाला. माझा देवघरात होता, माझ्या वेळेसाठी. आज पहाटे तो काढला, विहिरीच्या काठावर ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि भावजींना सील उकलायला सांगितलं.

भावजी मागे सरले. "वैनी, असकी, सगळीच ओतणार? तुमच्या वेळेला काय?"

"माझ्या वेळेला हजार तोंडांतून मला पोचेल," मी म्हटलं.

तांब्या उपडा केला. वरून पाहिलं तर पाण्यावर एक वलय उठलं, पसरत पसरत दगडांना टेकलं आणि पुन्हा स्थिर झालं. अंगावर काटा आला. हिमालयातून निघालेलं पाणी जॉर्ज टाउनच्या एका बोळात, माझ्या हातून! आता कोत्तवाल चावडीच्या बाजारातला हमाल काय आणि कालव्याकाठच्या झोपडीतली बाई काय, ज्यांना काशी दिसायची नाही त्यांना काशी घरपोच.

नऊ वाजता मांडव सुरू झाला. पहिल्या दिवशी पानकम, म्हणजे गुळाचं पन्हं, आणि ताक, मग पाणी. मी उंच फळीवर बसून झारीने वरून ओतते, खाली ते ओंजळ धरून उकिडवे बसतात. शिवाशीव नाही, सांडणं नाही, सोवळं जागच्या जागी. वरून त्यांची तोंडं दिसत नाहीत, फक्त डोकी, केसांतली धूळ आणि गळ्याची घाटी वरखाली होताना. माणूस एवढं पाणी पिऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. एक हातगाडीवाला तर प्यायचा थांबेचना. शेवटी त्याच्या बायकोने पाठीत चापट मारली, "अम्माच्या हाताला विसावा दे की रे!" सगळे हसले. तिचं नाव अंजलै. चावडीत भाजीच्या पाट्या वाहते. नवरा मुरुगेसन. ती उकिडवी बसली तेव्हा पायातली जोडवी फरशीवर खणकन वाजली. मी पाहते आहे असं दिसल्यावर लाजून म्हणाली, "यानेच घेतली, पोंगलला."

घरी येऊन ढसाढसा रडले. यांना हे दाखवायचं राहून गेलं.

१४ एप्रिल

तमिळ वर्षारंभ. गर्दी वाढली आहे. झोपड्यांतल्या बायका आता दुपारी घागरी घेऊन येतात. त्यांच्याकडे एक नळ आहे, तो आटला आहे. कालव्याचं पाणी पिण्यापेक्षा इथलं बरं, म्हणून मीही भरून देते.

अंजलै आज ओंजळ झटकून म्हणाली, "अम्मा, पाणी चार दिवसांपासून जरा निराळं लागतं."

मी म्हटलं, "गंगेची चव आहे ती. हळूहळू उतरते."

तिने यावेळी आधी डोळे मिटले, मग पुन्हा ओंजळ धरली आणि प्यायली.

नवे नये पैसे आल्यापासून कीरैवालीशी, पालेभाजीवालीशी, रोज भांडण होतं. आजही झालं. जिंकले.

१९ एप्रिल

हंबीररावांच्या लॉजमध्ये आंध्राकडचा एक मिरचीचा व्यापारी उतरला होता. त्याचं पोट दोन दिवस असं बिघडलं की मागच्या संडासातून तो बाहेरच येईना. आज त्याला टॅक्सीत घालून स्टेशनवर पोचवला म्हणे. हंबीररावांनी लगोलग फिनेल टाकून धुऊन घेतलं, बादल्यांवर बादल्या पाणी. स्वच्छतेला माणूस चोख.

भावजी म्हणतात विहिरीला वास येतो. त्यांना सगळ्यालाच वास येतो. ते पाणी उकळून, गाळून, वर तुळस घालून पितात. मीही उकळलेलंच पिते म्हणा, पण ते वातासाठी. वैद्यांनी सुंठ-जिरं घालून सांगितलं आहे म्हणून. संशयाने नाही.

२४ एप्रिल

आज वादिराज येऊन गेला. यांच्या आतेबहिणीचा मुलगा, कॉर्पोरेशनच्या आरोग्य खात्यात इन्स्पेक्टर. मागे एक शिपाई, त्याच्या डोक्यावर डबा.

"मामी, कालव्याकडे तीन घरीं जुलाब-वांत्या आहेत. कॉलरा म्हणतात. या भागांतल्या असक्या विहिरींत पावडर टाकायची आहे."

डब्याचं झाकण उघडलं तर डोळ्यांत पाणी आलं. धोबीघाटाचा वास. मी म्हटलं, "या विहिरीत गंगा आहे, वादिराजा. तिच्यात तू हे टाकणार?"

"मामी, गंगा असली तरी..."

"उचलली जीभ लावली टाळ्याला! तुझ्या आईला सांगू? पंधरा दिवस आम्ही हेच पाणी पितोय. भावजींचं पोट, जे वाऱ्याने दुखतं, तेसुद्धा ठणठणीत आहे." आणि माझा सुंठेच्या पाण्याचा तांब्या उचलून त्याच्यासमोर घटाघटा प्यायले. बिचाऱ्याने झाकण लावलं. उपीट खाल्लं, कॉफी घेतली. जाताना दारात घुटमळला. "मामी, माझें काम आहे हो." मी म्हटलं, "तुझं काम दुसऱ्या विहिरींत कर."

कॉलरा आला असेल तर पाणपोईची गरज वाढलीच की. उद्यापासून संध्याकाळीही मांडव उघडा ठेवीन.

२७ एप्रिल

झोपड्यांत रोज कोणीतरी आजारी पडतं. मी भावजींकरवी दोन घागरी आपल्या विहिरीचं पाणी आजाऱ्यांसाठी पाठवलं. भावजी नाक मुरडत गेले, पण गेले. आल्यावर बराच वेळ पाय धूत होते.

मांडवात आज मुरुगेसन दिसला नाही.

२८ एप्रिल

मुरुगेसन गेला.

सकाळी अंजलैची शेजारीण धावत आली. म्हणाली, अम्मा, तुमची गंगा त्याच्या तोंडात घाला, तो मागतोय. विहिरीचं पाणी तांब्यात घेऊन मी तशीच निघाले. चाळीस वर्षं या शहरात राहून कालव्याची ती बाजू मी पाहिली नव्हती. झोपडीत वाकून गेले. हातगाडी ओढणारा तो धिप्पाड माणूस ओला कपडा पिळून टाकावा तसा पडला होता. डोळे खोल गेलेले, बोटांची कातडी म्हाताऱ्यासारखी. मी तांब्यातून पळीपळीने पाणी घातलं. त्याने गिळलं. माझ्याकडे पाहून हात जोडण्याचा प्रयत्न केला. दुपारच्या आत संपला.

आणि अंजलै कोपऱ्यात त्याच वाटेवर. तिला मी तिथे सोडणार नव्हते. भावजींनी घोड्याचा जटका आणला. या भित्र्या माणसाने तिला स्वतःच्या धोतरात गुंडाळून उचललं, सोवळंओवळं न बघता. मी पाहतच राहिले. तोंडियारपेट्टच्या साथीच्या इस्पितळात पोचलो तेव्हा नाडी लागत नव्हती. मी तिच्या ओठांवर त्याच तांब्यातलं पाणी लावलं आणि यांचं नाव घेतलं.

मग जे पाहिलं ते कसं लिहू? मधोमध भोक असलेल्या खाटा, खाली बादल्या, ओळीने माणसं. एका तरुण डॉक्टरने अंजलैच्या पायाच्या घोट्याजवळ चिरून शिरेत सुई घातली. वर काचेची बाटली उलटी टांगली. आत पाणी, स्वच्छ, काही रंग नाही. "यात काय औषध?" मी विचारलं. तो म्हणाला, "मीठ." मला वाटलं थट्टा करतो आहे.

एक बाटली संपली, दुसरी लावली. मी तिचा हात धरून होते. तो हात गार होता, मेलेल्याचा असतो तसा; मला ठाऊक आहे, मी यांचा धरला होता. आणि मग तो कोमट झाला. गालांचे खड्डे भरून येऊ लागले. वाळलेल्या बोटांना पुन्हा गोलाई आली. माझ्या डोळ्यांसमोर, भर दुपारी! तिने डोळे उघडले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "अम्मा, तण्णी." गेलेला माणूस परत आलेला मी पुराणात ऐकला होता. आज तो माझा हात धरून पाणी मागत होता.

मी डॉक्टरच्या पायाच पडले असते, पण तो पुढच्या खाटेकडे गेला होता. मिठाने झालं की गंगेने? मला वाटतं दोन्हींनी.

३० एप्रिल

इस्पितळात फळांची करंडी घेऊन गेले. डॉक्टर पाहून हसला. तो आपल्यातलाच निघाला, तंजावरचा. पण मराठी दोन वाक्यं चालते आणि मग तमिळमध्ये पडते. म्हणाला, "मामी, सगळे फळें आणतात. पोटात काही ठरत नाही तिथे केळी कोण खाणार? आम्हाला लाकूड हवं. पाणी उकळून, त्याची वाफ धरून, ते थंड करून मग मीठ घालतो. भट्टीला जळण नाही म्हणून काल बाटल्या कमी पडल्या." कमी पडल्या म्हणजे काय झालं, हे त्याने सांगितलं नाही. रिकाम्या खाटांकडे पाहिलं.

चांगल्या शुद्ध मिठाची पोती आणि सरपणाची गाडी उद्याच पाठवते. कोणाला काय द्यावं हे आधी विचारायचं असतं, एवढी साधी गोष्ट मला आज कळली.

निघताना त्याने विचारलं, "तुमची बाई कुठलं पाणी प्यायची?"

मी मोठ्या अभिमानाने सगळं सांगितलं : पाणपोई, काशी, तांब्या. तो ऐकत राहिला. मग उठून खाटांच्या ओळीने गेला, प्रत्येकाला तेच विचारत. एकेकजण माझ्याकडे पाहून हात जोडू लागला. मलाही भरून आलं. यांचं नाव इतक्या दूर पोचलं होतं.

डॉक्टर परत आला. एवढंच म्हणाला, "विहिरीचं बाटलीभर पाणी पाठवाल का?"

पाठवलं. त्यालाही हवं असेल.

३ मे

त्याला ते पिण्यासाठी नको होतं.

आज मला टेबलाशी बसवून दुर्बिणीसारख्या नळीत डोळा लावायला सांगितलं. "तुमच्या विहिरीतलं पाणी रश्शात घालून ठेवलं होतं. त्यात हे वाढलं." आधी नुसता उजेड दिसला. मग उजेडात काहीतरी हललं. बारीक, किंचित वाकलेले, अगणित, आणि एकही स्थिर नाही. सरसर इकडून तिकडे, एकमेकांना न अडता, जत्रेत पोरं सुटावीत तसे. एका थेंबात! इतकं जिवंत मी काही पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "किती सुंदर आहेत रे." खरंच म्हटलं.

तो हलक्या आवाजात मराठीत म्हणाला, "मामी, हेंच तें."

मी डोळा काढला नाही. काढला असता तर त्याच्याकडे पाहावं लागलं असतं.

मग मी विचारलं, गंगा? तो म्हणाला, गंगेने केलं नाही, पण गंगेला थांबवताही आलं नाही. विहिरीला कुठून तरी घाण मिळते. जवळ संडास आहे का? मला फिनेलच्या बादल्या आठवल्या, तो मिरचीचा व्यापारी आठवला, अंजलैचे मिटलेले डोळे आणि ती ओंजळ आठवली. मी म्हटलं, "पण आम्हाला कसं काही झालं नाही?" आणि विचारतानाच उत्तर कळलं. माझा सुंठेचा तांब्या बाजूलाच होता.

४ मे

आजपासून कत्तिरीचं ऊन, इकडचे सर्वांत कडक दिवस. मांडव बंद ठेवला.

हंबीररावांवर इतकी ओरडले की बोळातली माणसं जमली. ते म्हणाले, "माझी भिंत दगडाची आहे." मी म्हटलं, "पाणी दगडाला विचारून जात नाही." वादिराजने येऊन खड्डा बंद करायला लावला. तो मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

घरात आले आणि राग कोणावर काढावा कळेना. खड्डा हंबीररावांचा खरा. पण वादिराजला दारातून परत कोणी पाठवलं? करायला गेले पुण्य. मुरुगेसनने गिळलेल्या पळ्या आठवतात. त्याने हात जोडायला उचलले होते.

६ मे

अंजलै इस्पितळातून घरी आली, आणि माझ्या दारात रांग लागली.

घागरी, मडकी, डबे, बाटल्या. कुठून कुठून आलेली माणसं. अंजलै मेली होती आणि अम्माच्या गंगेने उठली, ही बातमी कालव्याच्या दोन्ही काठांनी पोचली होती. इस्पितळ नको, गंगा द्या. एक बाप मुलीला खांद्यावर टाकून आला होता. तिची बोटं मी पाहिली, तशीच वाळलेली.

भावजी माझ्यामागे उभे होते. म्हणाले, "वैनी, विहीर आटली म्हणून सांगा. दार लावून घेऊं. दादाच्या नावाला बट्टा नको." एक क्षण, खोटं कशाला लिहू, मला ते पटलं. फळ्यावर यांचं नाव ताज्या रंगात चमकत होतं. मी ते गमावलं तर माझ्याकडे यांचं काय उरणार?

पण ती मुलगी.

मी फळीवर चढले आणि माझ्या सांगलीच्या तमिळमध्ये सांगितलं, या पाण्याने तुम्ही आजारी पडलात. माझ्या विहिरीत घाण उतरली. सरकारचा माणूस औषध टाकायला आला होता, त्याला मी परत पाठवलं. अंजलै गंगेने उठली नाही, बाटलीतल्या मिठाच्या पाण्याने उठली. पोरीला आत्ता जटक्यात घाला, भावजी येतील बरोबर.

मग एका म्हातारीने घागर तिरकी केली. मांडव बंद होण्याआधी नेलेलं, तळाशी उरलेलं पाणी तिने गटारात ओतलं, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. मग दुसरीने. मग सगळ्यांनी. बोळभर तोच आवाज. कोणीतरी मागून शिवी दिली, ती मला लागू होती. अंजलै भिंतीला टेकून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि काठीच्या आधाराने निघून गेली.

मुलगी वेळेत पोचली. भावजींनी संध्याकाळी सांगितलं, "बाटली लागली. रडायला लागली." आणि स्वतः रडले.

८ मे

वादिराज आला. डबा मी त्याच्या हातातून घेतला. पावडर मीच टाकली, ज्या काठावरून गंगा ओतली होती तिथूनच. पाणी दुधाळ झालं. मग हात जोडले. कोणाला, ते ठाऊक नाही.

समाजाच्या आग्रहाने ठरलेल्या वर्षश्राद्धाच्या पंगती आता होणार नाहीत. समाजातल्या चार जणी रागावल्या, रागावू देत. कॉर्पोरेशनचा मोठा नळ कालव्यापासून फार दूर नाही. तिथून झोपड्यांपर्यंत पाइप न्यायचा खर्च कोणी उचलला तर मंजुरी मिळवीन, असं वादिराज म्हणतो. पंगतीचं सगळं तिकडे. भावजींनी काशीला जायला साठवलेलंही काढून दिलं. मी नको म्हटलं तर म्हणाले, "वैनी, तुमची काशी पाहिली. मला तीच पुरे."

जे कालपर्यंत यांच्या पंगतीसाठी तूप नि साखर देणार होते त्यांच्या दारात जाऊन मी आता सरपण मागते. हंबीररावांच्या दारातही गेले. त्यांनी तोंड फिरवलं, पण दुपारी लाकडाची गाडी इस्पितळात पोचली होती. कोणी पाठवली ते गाडीवान सांगेना. मीही विचारलं नाही.

१० मे

मांडव उघडला. लग्नातले तांब्याचे हंडे चुलीवर चढवले आहेत. पाणी खळखळा उकळते, निववते, झाकून नेते. फळ्यावरचं यांचं नाव मी पुसलं. कोरा फळा बरा दिसतो.

कोणी आलं नाही. लोक समोरून जातात, ओठ वाळलेले, आणि माझ्याकडे न पाहता पुढे जातात. संध्याकाळी रांजण भरलेले तसेच. त्यांचं बरोबर आहे.

१३ मे

आज यांचं वर्ष.

सकाळचे विधी आटोपून मांडवात बसले. ऊन असं की डांबर चिकटत होतं. दुपारी अंजलै आली. डोक्यावर पाटी नाही, काखेत रिकामी घागर. समोर उभी राहिली. वाळली आहे फार. मी झारी उचलली.

ती म्हणाली, "तुम्ही प्या आधी."

मी माझा पेला शोधू लागले. "असं नाही," ती म्हणाली. "आम्ही पितो तसं."

तिने पुढे होऊन झारी माझ्या हातातून घेतली आणि फळीवर चढली. रस्त्यावरची माणसं थांबली. भावजी अर्धवट उठले. मी त्यांना बसा म्हणून खूण केली. मी खाली उतरले. गुडघे कुरकुरले. सोवळ्यातलं लुगडं आवरून रस्त्याच्या कडेला उकिडवी बसले आणि ओंजळ धरली.

ओंजळीने प्यायचं मला येत नाही. पहिलं पाणी कोपरावरून ओघळून लुगड्यात गेलं. मग जमलं. पाणी कोमट, किंचित धुराचं. माझी तहान एवढी होती हे मला ठाऊक नव्हतं. आणि कळलं की खालून पाजणाऱ्याचं तोंड दिसत नाही. मान वर केली तर धार चुकते. दिसतात फक्त पाय. अंजलैचे पाय माझ्या डोळ्यांसमोर होते. बोटांत जोडवी नव्हती. ती होती तिथे कातडीचा फिकट पट्टा उरला होता.

पुरे म्हणायचं तर ओंजळ उघडायची असते. मला उघडवेना. ती ओतत राहिली, मी पीत राहिले.

मग धार तिनेच थांबवली. खाली उतरली, झारी जागेवर ठेवली आणि घागर माझ्यापुढे केली. मी भरून दिली.